चाळीस मुले, एक रिंग

गेल्या डिसेंबरात पुण्याला आलो होतो, तेव्हा ज्या मैदानावर मी स्वतः बास्केटबॉल शिकलो तेथे सकाळी सहा वाजता चाळीस मुले रांगेत उभी असलेली पाहिली. शंकूंमधून ड्रिबल करत, म्हणजे चेंडू आपटत जायचे, लेअप मारायचा, म्हणजे धावत रिंगेजवळ जाऊन चेंडू टाकायचा, आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहायचे, असे तासभर चालले होते. आमच्या जुन्या सरांशी त्या सकाळी माझा वाद झाला. ‘आधी हात बसू दे, मग डोके आपोआप चालेल,’ असे त्यांचे म्हणणे होते आणि तेथे उभ्या असलेल्या पालकांनाही तेच पटत होते.

जर्मनीतल्या एका छोट्या क्लबात मी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शिकवतो आणि तेथील अनुभवाने माझे मत नेमके उलट झाले आहे. शंकू पुढे सरसावत नाही, हात वर करत नाही, फसवतही नाही. त्यामुळे मुलाला ड्रिबल करता येऊ लागते, पण ते कधी थांबवावे हे कळत नाही. सोव्हिएत शरीरशास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२० च्या दशकात मॉस्कोत कसबी कामगारांच्या हातोड्याच्या घावांचा अभ्यास केला. घाव नेमका बसत असला, तरी खांदा, कोपर आणि मनगट यांच्या हालचाली दर खेपेस थोड्या निराळ्या होत्या. हात बसणे म्हणजे एकच हालचाल घोटणे नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

म्हणून माझ्या सरावात समोर जवळजवळ नेहमीच कोणीतरी असते. एक मुलगा चेंडू पास करतो आणि ज्याला पास केला त्याच्याच अंगावर बचावासाठी धावून जातो. किती जवळ यायचे हे तो ऐन वेळी ठरवतो आणि त्यावरून चेंडू मिळालेल्याने निर्णय घ्यायचा: तो लांब थांबला तर शॉट, अंगाशी आला तर बाजूने ड्रिबल, आणि मदतीला दुसरा बचावपटू सरकला तर मोकळ्या साथीदाराला पास. मी मध्ये ओरडत नाही. डाव संपल्यावर ‘तुला काय दिसले?’ एवढेच विचारतो, आणि पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक मुलांना काहीच दिसलेले नसते. उत्तर हळूहळू येऊ लागते, आणि माझ्या मते त्या दिवसापासून खेळ शिकणे सुरू होते.

जर्मन बास्केटबॉल महासंघाने लहान वयोगटांत झोन बचावाला, म्हणजे एकेका खेळाडूऐवजी मैदानाचा एकेक भाग राखण्याला, मनाई केली आहे, याचे मला विशेष मोल वाटते. मुलांना लांबून शॉट मारता येत नसल्याने झोन लावून सामने जिंकता येतात, परंतु एकास एक खेळणे तसेच राहून जाते. आपल्याकडे जिल्हा आणि राज्य स्पर्धांतील यशाला दहावी-बारावीचे क्रीडा गुण जोडलेले असताना एकट्या प्रशिक्षकाने विजयाचा मोह टाळावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. हा नियम संघटनेनेच करायला हवा.

सरांची एक बाजू मात्र खरी आहे. माझ्याकडे बारा मुले आणि दोन रिंगा आहेत, त्यांच्याकडे चाळीस मुले आणि एक. उलट त्यांची मुले रोज येतात, माझी आठवड्यातून दोनदाच, आणि तेवढा वेळ मला मिळाला असता तर मी काय केले नसते! तरीही कबड्डीत चढाई करणारा खेळाडू तीस सेकंदांत सगळे निर्णय एकट्यानेच घेतो आणि ती कला आपली मुले प्रत्यक्ष डाव खेळूनच शिकत आली आहेत, रांगेत उभी राहून नव्हे.

सरांना मी इतकेच सुचवले, की सहा मुलांनी रिंगेखाली तीनास तीन खेळावे, दोन टोपल्या झाल्या की गट बदलावा, आणि उरलेल्यांनी खडूने आखलेल्या चौकोनांत ड्रिबलशिवाय, केवळ पासवर, चारास तीन खेळावे. त्यांनी आठवड्यातून दोन सकाळी हे करून पाहण्याचे कबूल केले आहे, आणि परवा फोनवर म्हणाले, की गोंधळ फार होतो, पण मुले घरी जायला तयार नसतात.