गाडी पोटाला लागत नाही

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज दरवर्षी वर येतो. पिवळी अक्षरं, वर जोडलेले हात. म्हणणं थोडक्यात असं: गाडी लागणं म्हणजे पोटात पित्त साचल्याची खूण. डोळ्यांचा यात काही संबंध नाही, डोळा कॅमेऱ्यासारखा, समोर असेल तेच दाखवतो. ड्रायव्हरला लागत नाही, कारण त्याचं पोट पक्कं. जुनी माणसं जन्मभर बैलगाडीत हिंडली, कोणाला उलटी झाली नाही; आताची लेकरं नाजूक आणि त्यात अर्धी नाटकं. उपाय: सकाळपासून उपाशी ठेवा, पोटाला पेपर बांधा, लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून हातात मोबाइल द्या.

हा मोबाइलचा उपाय वाचून लिहायला बसलो. मागच्या मे महिन्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना माझ्या आठ वर्षांच्या भाचीवर हा सगळा प्रयोग झाला होता. पोट रिकामं, फ्रॉकच्या आत पेपर, हातात कार्टून. घाट लागला तशी ती आधी गप्प झाली. मग एकामागून एक जांभया. कपाळ हाताला गार आणि ओलं, चेहरा चुन्यासारखा. "मामा, जीव कसातरीच होऊन रायला," एवढं म्हणाली आणि मी पिशवी उघडेपर्यंत पेपरासकट सगळं ओलं. पोटात अन्नच नव्हतं, पिवळं पाणी पडलं. ते पाहून मागच्या सीटवरच्या काकूंनी निकाल दिला, "पाहा, पित्तच होतं बाप्पा!"

काकू, रिकाम्या पोटातून दुसरं काय निघणार? पोट या गोष्टीत शेवटी येतं. वरून हुकूम सुटतो, ते पाळतं. हुकूम कुठून सुटतो याचा चांगला पुरावा अमेरिकेत मिळाला. 1950च्या दशकाच्या शेवटी नौदल आणि नासाच्या प्रयोगांसाठी गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजातले 11 जण निवडले होते. बहुतेकांचा आतला कान लहानपणीच्या मेंदूज्वराने निकामी झालेला. त्यांना खवळलेल्या समुद्रात बोटीवर नेलं. ते आरामात पत्ते खेळत बसले, आणि त्यांची तपासणी करायला आलेले संशोधकच आडवे झाले. पोटं तर सगळ्यांचीच शाबूत होती.

म्हणजे फरक कानाचा. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांतलं द्रव डोकं वळलं की मागे राहतं आणि वळण कळवतं. शेजारी दोन छोट्या पिशव्या, त्यांत चुन्याचे बारीक खडे. ते झुकणं आणि धक्का सांगतात. गंमत म्हणजे एकसारख्या वेगाने, नाकासमोर जाणाऱ्या गाडीत हा कान जवळपास मुका असतो. वेग बदलला, वळण आलं, ब्रेक लागला, की बोलतो. मधल्या वेळेत आपण चाललोय हे सांगायचं काम डोळ्यांकडे असतं. आता भाचीचं पाहा: कान ओरडतोय वळलो, वळलो, डोळ्यासमोर हातातला पडदा जागच्या जागी. दोघांच्या बातम्या जुळत नाहीत आणि मेंदूचा हिशेब फिसकटतो. रीझन आणि ब्रँड या संशोधकांनी 1975 साली हे म्हणणं नीट मांडलं. त्यावर वाद आहेत, तोल सावरता न येणं हेच मूळ कारण असंही काही अभ्यासक म्हणतात. पण पित्ताच्या बाजूने त्यांतला कोणीच बोलत नाही.

मग उलटीच का? 1977 साली ट्रीझमन या मानसशास्त्रज्ञाने एक तर्क लढवला: रानात असताना कान-डोळ्यांचं असं बिनसायचं ते बहुधा विषारी काही खाल्लं तर, म्हणून शरीर आधी पोट रिकामं करतं. तर्क आहे, सिद्ध झालेला नाही. पण बांधावरचा धोतरा खाऊन भेलकांडलेला माणूस ज्याने पाहिलाय त्याला तो पटेल. त्यातही योगायोग असा की गाडी लागू नये म्हणून कानामागे चिकटवायच्या पट्टीत जे स्कोपोलामिन नावाचं औषध असतं, ते धोतऱ्यातही असतं. म्हणून कोणी धोतऱ्याच्या वाटेला जाऊ नका, जीव जातो.

कॅमेऱ्याचं म्हणणं मात्र मला सगळ्यात खटकतं. बैलगाडीच्या पाणंदीने चालता चालता व्हिडिओ काढा आणि घरी पाहा. पाहवत नाही इतका हलतो. तेवढेच धक्के तुमच्या डोळ्यालाही बसत होते, तरी बांधावरचं बाभळीचं झाड स्थिर दिसलं. कारण डोकं जिकडे हललं त्याच्या उलट दिशेने कान डोळ्याला फिरवतो, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरच्या औषधामुळे ज्याचा आतला कान गेला अशा एका डॉक्टरने 1952 साली स्वतःची हकिगत छापली. चालताना त्याला समोरच्या माणसांचे चेहरे ओळखू येत नसत. पलंगावर पडून वाचायला घेतलं तर नाडीच्या ठोक्यागणिक अक्षरं हलत.

आता एक डोळा मिटा आणि उघड्या डोळ्याच्या कडेला पापणीवरून बोटाने हलकेच दाबा. घर हललं ना? तोच डोळा स्वतःहून इकडेतिकडे फिरवा, घर जागेवर. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरचं चित्र दोन्ही वेळा सरकलं. पण स्वतःहून फिरवताना मेंदू स्नायूंना दिलेल्या हुकमाची एक प्रत स्वतःजवळ ठेवतो आणि तेवढं हलणं वजा करतो. बोटाने ढकललं तेव्हा डोळ्याला हुकूम नव्हता, वजा करायला काही नव्हतं. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने हे 19व्या शतकातच लिहून ठेवलंय. कॅमेऱ्याला ही वजाबाकी कुठली येणार?

काळी-पिवळीत खिडकीशी बसलात की हीच वजाबाकी मोठ्या प्रमाणावर चालते. तुरीची धुरे सपासप मागे, संत्र्याच्या बागेतल्या ओळी पंख्यासारख्या उघडतात-मिटतात, लांब मेळघाटचे डोंगर सोबत चालल्यासारखे. सगळं शिवार मागे पळतंय, आणि त्या गर्दीत एक म्हैस स्वतःच्या पायाने चाललीय हे आपल्याला एका नजरेत कळतं. मेंदू आपल्या प्रवासामुळे आलेली हालचाल बाजूला काढतो, उरते ती म्हशीची. माकडांच्या मेंदूत एमएसटी नावाचा एक भाग आहे. तिथल्या पेशी नेमक्या अशा पसरत्या, फिरत्या चित्राला जाग्या होतात, हे डफी आणि वुर्ट्झ या मेंदूच्या अभ्यासकांनी 1991 साली दाखवलं. त्यांतल्या बऱ्याच पेशी कानाचीही बातमी ऐकतात, हे पुढे कळलं. डोळ्याचा संबंध नाही म्हणणाऱ्याने दोघांची बैठक भरते ती जागा पाहावी.

ही बैठक फसतेही. परतवाड्याच्या स्टँडवर बस उभी असताना शेजारची बस मागे निघाली की आपलीच पुढे सरकली असं वाटून हात दांड्याकडे जातो. खिडकीभर दृश्य सरकलं, कान गप्प. कान तर एकसारख्या चालीतही गप्पच असतो, म्हणून मेंदू डोळ्याचं ऐकतो. मग खाली फरशीवर नजर गेली की सगळं थांबतं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो तेव्हा डोळ्याचा धडा या स्टँडवरूनच सुरू करायचो.

ड्रायव्हरचं पोट पक्कं? त्याच ड्रायव्हरला दुसऱ्याच्या गाडीत मागे बसवा, मग बोलू. स्टिअरिंग त्याच्या हातात असतं, वळण येण्याआधी त्याच्या मेंदूला ते ठाऊक असतं, मान आपसूक आत झुकते. मागच्याची मान बाहेर फेकली जाते. शिवाय समोरच्या काचेतून सगळं दृश्य एका बिंदूतून फुटून चहूकडे पसरताना दिसतं. आपण कुठे चाललो ते तो बिंदू सांगतो. गिब्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1950 साली हे मांडलं, विमान उतरवणाऱ्या वैमानिकांच्या अभ्यासातून.

बैलगाडीचा मुद्दा खरा आहे, कारण चुकीचं. सगळ्यात जास्त मळमळ होते ती संथ झोक्याने, साधारण पाच सेकंदांत एक झोका या लयीला. घाटातली वळणं, मऊ स्प्रिंगांची मोटार, बोट यांचा हाच ताल. बैलगाडीचे धक्के कंबर मोडतील, पण ते भराभर येतात. त्यात वेग पायी चालण्याइतका आणि चहूबाजूंनी शिवार उघडं. आजोबांना त्याच वयात घाटातून मोटारीत न्यायला हवं होतं.

नाटकांबद्दल एवढंच की दोन वर्षांखालच्या बाळाला गाडी सहसा लागत नाही, शाळकरी वयात सर्वांत जास्त लागते, पुढे कमी होते. नाटक करायचं तर गार घाम कुठून आणणार? पेपरबद्दल लिहायला काही नाही. तो पोटाला बांधण्यापेक्षा मांडीवर अंथरावा, उपयोगी पडतो. उपाशीही ठेवू नका, हलकं काही खाऊ द्या. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी. अवोमिनसारखी गोळी झोप आणते, आणि दोन वर्षांखालच्या लेकराला ती द्यायचीच नाही.

परतीला भाचीला ड्रायव्हरच्या मागे, काचेतून रस्ता दिसेल अशी बसवली. मोबाइल माझ्या खिशात. "मामा, आता डावं वळण," असं ती आधीच सांगायची आणि तिकडे कलायची. तोंड जरा उतरलं होतं, पण पिशवी कोरी राहिली. स्टँडवर उतरून रसवंतीत तिने दोन ग्लास रस पिला. आता ग्रुपवर कोणी तरी म्हणणार, रसानेच पित्त शमलं. तर सांगून ठेवतो, रस उतरल्यावर पिला होता.