माय फादर वर्क्स इन अ जिन

भाची सहावीत आहे, इंग्रजी माध्यमात. वडिलांवरच्या निबंधात तिनं लिहिलं, 'माय फादर वर्क्स इन अ जिन.' वही परत आली तेव्हा 'जिन'भोवती लाल गोल होता आणि शेजारी प्रश्नचिन्ह. जिन म्हणजे दारू, असं वर्गात कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. संध्याकाळी तिनं वही माझ्यापुढे धरली. "मामा, मन्हं काय चुकनं?"

काहीच चुकलं नाही. दिवसभर मनातून जात नाहीये, म्हणून इथं लिहितोय.

दसऱ्यानंतर धरणगावला जा, जळगावला जा, चोपड्याला जा. कापसाच्या गाड्या ज्या आवारात शिरतात, त्याला आपण जिन म्हणतो. तिथं सरकी निघते, रुई वेगळी होते, रुईची १७० किलोची गाठ बांधली जाते. आणि हा शब्द अस्सल इंग्रजी आहे. 'इंजिन'चाच तो. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, पुढचं अक्षर झिजलं आणि 'जिन' उरला. मूळ लॅटिन 'इंजेनियम', म्हणजे उपजत बुद्धी. बुद्धीवरून युक्ती, युक्तीवरून यंत्र असा अर्थ सरकत गेला. पूर्वी इंग्रजीत सापळ्यालाही जिनच म्हणत. इंजिनिअर हा शब्दही याच मुळाचा. हसणाऱ्या पोरांपैकी कितीजणांच्या घरी इंजिनिअर व्हायची स्वप्नं असतील!

दारूचा जिन वेगळ्याच घरचा. जुनिपर नावाच्या झुडपाच्या फळांचा स्वाद दिलेली डच दारू 'येनेव्हर', इंग्रजांच्या तोंडी ती 'जिनीव्हा' झाली आणि तोडून जिन. दिव्यातला जिन तर अरबी. उच्चार एक, नातं काही नाही.

अमेरिकेत एली व्हिटनीला तारेच्या दातांच्या जिनचं पेटंट १७९४ साली मिळालं; पुढं त्या दातांच्या जागी करवत आली. सरकी झपाट्यानं निघायला लागली, तसा तिथं कापसाचा पेरा वाढला आणि त्या शेतांवर राबणाऱ्या गुलामांची संख्याही वाढली. १८६१ ला तिथं यादवी पेटली, इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस अडला, आणि आपल्या खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगावची पेठ त्याच काळात वर आली.

पण आपल्याकडच्या बहुतेक जिनांत करवत नसते, डबल रोलर असतो. चामड्याचे रोलर रुई ओढून घेतात, सरकी सुरीच्या धारेला अडते आणि खाली पडते. लाटून सरकी काढायची ही रीत आपल्या मुलखात फार जुनी. जळगावहून दीड-दोन तासांवरच्या अजिंठ्यात, पाचव्या शतकातल्या चित्रांत, एका लाटणीनं सरकी काढताना दाखवलंय असं अभ्यासक सांगतात. नाव साहेबाचं, पण हात आपल्या बायाबापड्यांचा फार आधीपासून त्या कामावर बसलेला आहे.

माझे मेहुणे याच रोलरवर कापूस सोडतात. रात्री घरी येतात तेव्हा भुवयांवर, पापण्यांवर रुईचा बारीक थर असतो. अंगणात आधी चेहरा झटकतात, मग पोरीला जवळ घेतात. निबंधातल्या पुढच्या ओळीत तिनं तेच लिहिलंय, 'ही कम्स होम व्हाइट.' त्या ओळीवर कुणाचीच खूण नाही, बरोबरचीही नाही.

तिला म्हणालो, शब्द खोडू नकोस. शनिवारी मी शाळेत जाऊन मॅडमना भेटणार आहे. वहीबरोबर सरकीसकट मूठभर कापूस नेतोय.