या, खाचर तुमचंच आहे

आषाढ लागला की शहरातल्या माणसाला माती आठवते. एरवी सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुणाच्या बुटाला चिखल दिसला तर नाक मुरडणारी माणसं जुलैत फोन करून विचारतात, "मॅडम, चिखल मिळेल ना?" मिळेल की. पवन मावळात जुलैत दुसरं मिळतंय काय? आमची साडेतीन एकर भातशेती आहे, पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत, चूल आहे, दोन गाई, एक म्हातारा बैल आणि सासूबाई. सहा वर्षं झाली पाहुणे करतोय. तेवढ्या अनुभवावर, आणि खास करून गटारीच्या आदल्या शनिवारी आलेल्या चौदा जणांच्या कृपेनं, शेतावर मुक्कामाला कसं यावं हे सांगायचा अधिकार मला आता नक्की आलाय.

सुरुवात दरापासून करा. आमचा दर माणशी अठराशे. त्यात मुक्काम, दोन वेळचं जेवण, नाश्ता, दोनदा चहा. हा आकडा ऐकला की आधी जरा गप्प राहायचं, मग म्हणायचं, "अहो, शेतातलंच तर आहे सगळं, तुम्हाला कुठं विकत आणावं लागतं!" अगदी बरोबर. तेल, साखर, चहापत्ती, गॅसची टाकी, सगळं आमच्या बांधावरच येतं. चादरींना तर पहिल्या पावसातच कोंब फुटतात. बारा वर्षांच्या मुलाचं वय आठ सांगा. रात्री तो सहा भाकऱ्या खाईल तेव्हा आठ वर्षांच्या मानानं फार छान जेवतो हो, असं कौतुक आम्ही करू.

अकराला पोचतो म्हणून कळवा आणि साडेतीनला या. लोणावळ्याच्या ट्रॅफिकबद्दल मी काही बोलत नाही, ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. पण वाटेत धरणावर दोन तास भिजून, भजी खाऊन, कणसं खाऊन, गाडीतून उतरल्या उतरल्या "जेवण गरम आहे ना?" हे विचारायला विसरू नका. गावरान कोंबडा सांगायचा असेल तर तो उतरल्यावरच सांगा. आदल्या दिवशी फोनवर सांगितला तर मजा काय? बॉयलरची कोंबडी सहा आठवड्यांत तयार होते. आमचा कोंबडा सहा-सात महिने अंगणभर पळालेला असतो, तो चुलीवर दीड तासाशिवाय शिजत नाही. तुम्ही पंधराव्या मिनिटाला चुलीपाशी या आणि सुचवा, "कुकरला लावा ना." आणि मग चुलीच्या जाळासोबत फोटो काढा.

आता जेवण. आमच्या फाटकावर "शेतातून थेट ताटात" अशी पाटी आहे. ती आमच्या ह्यांनी रंगवून घेतली, ते पाप आमचं. त्या पाटीचा अर्थ असा घ्या की तुमच्या मनात जे येईल ते आमच्या शेतात उगवतं. जुलैत खरोखर काय असतं ते आधी विचारू नका, नाहीतर नंतर रागवायला जागा उरणार नाही. गेल्या दिवाळीच्या सुमारास झोडलेला तांदूळ असतो. भात काढल्यावर त्याच खाचरात, म्हणजे बांध घातलेल्या भाताच्या तुकड्यात, घेतलेला मसूर, हरभरा असतो. दूध असतं, अंडी असतात, उन्हाळ्यात घातलेल्या कुरडया असतात. आणि सासूबाई पहाटे रानातून खुडून आणतील ती भाजी, कधी टाकळा, कधी कुर्डू, कधी फोडशी. झालं. कांदे-बटाटे बाजारातले. टोमॅटो नाही, फ्लॉवर नाही, आणि थेट पनीर देणारी गाय अजून आमच्या गोठ्यात आलेली नाही. तरी तुम्ही पनीर मागाच. टाकळ्याची भाजी ताटात आली की मुलाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणा, "बेटा, राहू दे, ते गवत आहे." वाढणारी बाई समोरच उभी असते, तिला मराठी येत नाही.

भाताची तक्रार मात्र कराच. इंद्रायणी ही इथलीच पोर. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली ही जात बाहेर आली, आंबेमोहराचा वास अंगात घेऊन. ती शिजली की जरा चिकट होते, तो तिचा स्वभाव. पुण्या-मुंबईत दुकानदार "अस्सल मावळची" म्हणून काहीही विकतात, ते तुम्ही निमूट आणता. इथे, जिथे ती पिकते त्या खाचराकडे तोंड करून बसलेले असताना, चिमटीत शितं धरून विचारायचं, "हा असा गचका का झालाय? जिरा राईस नाही का?" सासूबाई हे पहिल्यांदा ऐकून आत आल्या आणि मला म्हणाल्या, "अगं, त्यांना जिरं दे वाटीत."

"सगळं ऑरगॅनिक आहे ना?" हा प्रश्न कोल्ड्रिंकची बाटली हातात धरूनच विचारावा. आम्ही खरं सांगतो: घरच्या भाजीला शेणखत, भाताला युरियाच्या गोळ्या. खरं बोलल्याबद्दल एक तारा कापायचा.

हुरडा मागा. हुरडा ज्वारीचा, रब्बीचा, पौष-माघातला, आणि तो देशावर, नगर-सोलापूरकडे. आमच्याकडे ज्वारी होत नाही आणि महिना आषाढ आहे. पण तुम्ही रीलमध्ये बघितलाय ना, मग असणारच.

गाईला केळं भरवा, पिशवीसकट.

रेंज नाही हे कळलं की माझ्याकडे बघा. टॉवर मीच हलवलाय.

रात्री बेडूक फार ओरडतात, त्यांना कुणीतरी गप्प करा म्हणून नवाला तक्रार करा. मग दहाला स्वतःचा स्पीकर लावा. तो दोनपर्यंत.

आणि आता मुख्य आकर्षण, भातलावणीचा अनुभव. खरं तर हीच कल्पना मला सगळ्यात आवडायची. सरकारनं २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा मला वाटलं होतं की शहरातली मुलं येतील, रोप हातात धरतील, तांदूळ पाकिटात उगवत नाही एवढं तरी घरी घेऊन जातील. काही जातातही. पाहुण्यांसाठी आम्ही घरामागचं एक लहान खाचर वेगळं ठेवलंय. तिथे लोळा, घसरा, एकमेकांना बुडवा, आमचं काही म्हणणं नाही. मोठ्या खाचरात उतरायचं नाही, एवढी एकच अट. ती फोनवर सांगतो, आल्यावर सांगतो, पाटीवरही लिहिलीय.

त्यामुळे तुम्ही मोठ्याच खाचरात उतरा. तिथे फोटोला मागे तिकोना किल्ला येतो, ढग उघडले तर.

मोठ्या खाचरात त्या दिवशी काय होतं ते सांगते. जूनमध्ये पेरलेलं रोप पंचवीस दिवसांचं झालं होतं. ते यापुढे थांबवता येत नाही, वय झालेलं रोप लावलं की फुटवे कमी येतात. इर्जिकीला बारा बायका आल्या होत्या, म्हणजे उद्या त्यांच्याकडे आम्ही जायचं. सकाळी सातपासून कमरेत वाकून, दोरी धरून, दोन-दोन तीन-तीन काड्यांचे चूड. वरून पाऊस. दुपारपर्यंत पाऊण खाचर लावून झालं होतं. चार वाजता चौदातले नऊ जण त्यात उतरले. पळत. स्लो मोशनमध्ये घसरण्याचे चार टेक झाले, कारण पहिल्या तीन वेळा कुणाचे तरी डोळे मिटले होते. उपटलेली रोपं एकमेकांच्या अंगावर फेकली. मी ओरडत गेले तर एकजण म्हणाला, "चिल ना, परत लावू की." कधी लावणार होतास रे? सोमवारी तुझी मीटिंग होती. एका बाईसाहेबांनी लावणीवाल्या मावशींच्या पाठीवरचं इरलं मागून घेतलं, "दोन मिनिटं, काकू, फक्त फोटो." भर पावसात चाळीस मिनिटं मावशी इरल्याविना वाकून लावत होत्या, आणि बाईसाहेब कोरड्या राहून शेतकरीण झाल्या होत्या. त्या फोटोखाली काय लिहिलंय तेही मला कुणीतरी दाखवलं. "बॅक टू रूट्स." मुळं तुमच्या टाचेखाली होती, बाई.

इथपर्यंत मी हसून लिहिणार होते. खाचर काय, परत लावता येतं. नांग्या, म्हणजे रोप गेलेल्या मोकळ्या जागा, आम्ही दरवर्षी भरतो, कधी खेकडा तोडतो, कधी पाणी वाहून नेतं, यंदा तुम्ही.

पण संध्याकाळी बांधावर बसून प्यायलात. शेतात दारू चालणार नाही हे आम्ही सांगितलं होतं, तुम्ही हो म्हणाला होतात, आणि तरी बसलात. तेही एक वेळ सोडून देऊ, आखाड आहे, कोण कुणाला काय शिकवणार. पण रिकामी बाटली बांधाच्या दगडावर फोडून खाचरात टाकलीत. नेम धरून टाकलीत. खळकन आवाज झाला आणि त्यावर तुम्ही हसलात, ते मी पडवीतून ऐकलं.

खाचरात घोटाभर गढूळ पाणी असतं. त्याच्या खाली काय आहे ते दिसत नाही, पायाला कळतं. चप्पल घालून लावणी होत नाही, चप्पल चिखलातच राहते. माझ्या सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत, पन्नास वर्षं त्या खाचरात अनवाणी उतरतायत. सोमवारी सकाळी तुमच्या नांग्या भरायला त्या उतरल्या. सहा टाके पडले. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. जखम ओली ठेवायची नाही, लेप्टोची, म्हणजे साचलेल्या पाण्यातून जखमेत शिरणाऱ्या तापाची, भीती आहे, असं डॉक्टर म्हणाले. आषाढात, मावळात, भाताच्या शेतकऱ्याला, पाय ओला करू नका! त्या पडवीत पाय वर करून बसल्यात आणि मला विचारतायत, नांग्या भरल्या का?

लाज नाही वाटत? तुमच्या ऑफिसात येऊन तुमच्या खुर्चीवर कुणी काच ठेवली तर चालेल का? तुम्ही अठराशे रुपये दिले, ते जेवणाचे आणि झोपायचे दिले. ते खाचर विकत घेतलं नव्हतंत. आमच्यासाठी तो देखावा नाही, वर्षाचं खाणं आहे. चिखलात मौज करायची तर चिखलात काम करणाऱ्या माणसाचे पाय त्यात आहेत, एवढं दिसत नसेल तर घरी बसा. घरच्या गच्चीत माती टाका, नळ सोडा, लोळा.

त्या चौदांत एक मुलगी होती, तिनं सकाळी सगळ्यांची ताटं उचलून मोरीत नेऊन ठेवली आणि सासूबाईंना टाकळ्याची भाजी कशी करतात ते विचारलं. तिला यातलं काही लागू नाही.

बाकीच्यांनी बुधवारी तीन तारे दिले. "चिखल खूप. होस्ट सहकार्य करत नाहीत." आणि गुरुवारपासून तीनदा फोन आला, तुमचा ब्लूटूथ स्पीकर राहिलाय म्हणून. कुरिअरनं पाठवा म्हणता. सासूबाईंच्या पायाचं मी प्रत्येक वेळी सांगितलं, तुम्ही प्रत्येक वेळी "ओह" म्हणालात आणि पत्ता परत सांगितलात.

स्पीकर पडवीत कणगीवर ठेवलाय, सुखरूप आहे. कुरिअर करणार नाही. ज्यानं बाटली फोडली त्यानं येऊन न्यायचा, सकाळी सातच्या आत. आल्यावर चहा मिळेल. मग चप्पल काढून खाचरात उतरायचं. आम्ही हातानं चाचपून निम्म्यापर्यंत आलोय. बाटलीचा तळ आणि दोन मोठे तुकडे मिळाले, गळा अजून मिळालेला नाही.