‘थुलियम लेझरच करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मुतखड्यावरचा एक मेसेज सध्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: खडा फोडायचा होल्मियम लेझर आता कालबाह्य झाला, नवा थुलियम लेझर कितीही मोठ्या खड्याची एका बैठकीत पूड करतो, त्यात उष्णता नाही, स्टेंट (मूत्रनलिकेत ठेवायची बारीक नळी) नाही, खडा परत होत नाही, म्हणून थुलियम असलेलं हॉस्पिटल मिळेपर्यंत थांबा. हा शेवटचा सल्ला एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून सविस्तर लिहितो.

थुलियम चांगला आहे, यात वाद नाही. त्याची तरंगलांबी १९४० नॅनोमीटर, होल्मियमची सुमारे २१००. पाणी थुलियमची ऊर्जा साधारण चौपट शोषतं. छोट्या छोट्या पल्स (प्रकाशाचे झटके) सेकंदाला शेकड्यांनी मारता येतात, पूड बारीक होते आणि खडा मागे कमी सरकतो. लेझर आत नेणारी फायबरही बारीक, १५० मायक्रॉनची चालते, त्यामुळे लघवीच्या वाटेने घातलेली दुर्बीण किडनीच्या खालच्या कप्प्याकडे वळवणं सोपं जातं.

पण म्हणून होल्मियम कालबाह्य? थुलियमच्या बाजूने नेहमी नॉर्वेतली २०२२ साली प्रसिद्ध झालेली चाचणी सांगितली जाते. १२० रुग्ण, तीन महिन्यांनी थुलियमच्या गटात ९२ टक्के खडामुक्त, होल्मियमच्या ६७ टक्के. आकडे खरे आहेत, पण ते अर्धेच सांगितले जातात. मूत्रनलिकेतल्या खड्यांत दोन्ही लेझर सारखेच यशस्वी ठरले. फरक पडला तो किडनीतल्या खड्यांत. शिवाय तिथला होल्मियम कमी ताकदीचा होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या एका चाचणीत थुलियमची गाठ जास्त ताकदीच्या, ‘मोझेस’ नावाच्या (पल्सचा आकार बदलणाऱ्या) तंत्राच्या होल्मियमशी घातली, तेव्हा ऑपरेशनचा वेळ आणि खडामुक्ती या दोन्हींत लक्षणीय फरक दिसला नाही. होल्मियम कुठला आणि तो चालवणारा हात कुणाचा, हे विचारल्याशिवाय नुसत्या नावावरून काहीच ठरत नाही.

‘कितीही मोठा खडा’ हे तर सरळ चूक. किडनीतला खडा २० मिलिमीटरच्या वर गेला की पाठीतून छोटं छिद्र पाडून करायची शस्त्रक्रियाच पहिली निवड मानली जाते. तोच खडा दुर्बिणीने काढायचा हट्ट धरला तर ऑपरेशन लांबतं, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि अनेकदा दुसरी बैठक लागते.

उष्णतेचंही तसंच. वीस वॅट म्हणजे वीस वॅट, लेझर कुठलाही असो. आतलं पाणी तेवढंच तापतं. ४३ अंशांच्या वर पेशींना इजा व्हायला लागते. ती टळते वाहतं सलाइन, बेताची ताकद आणि लेझरच्या पेडलवरून मध्ये मध्ये काढलेला पाय यांमुळे.

स्टेंट लागणार की नाही हे सूज, इजा आणि खड्याचा आकार बघून सर्जन ठरवतात. घातला असेल तर काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. महिनोन्महिने विसरलेल्या स्टेंटवर खडे चढतात आणि तो काढायलाच वेगळं ऑपरेशन करावं लागतं.

खडा परत होतो तो लघवीतल्या क्षारांमुळे, आणि लेझर ते बदलत नाही. साधारण निम्म्या रुग्णांना दहा वर्षांत पुन्हा खडा होतो. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या. आणि सर्जनना आधीच सांगून ठेवा की सगळ्याची पूड करण्याआधी एक कपची तपासणीला पाठवा. युरिक ॲसिडचा खडा निघाला तर पुढचे खडे औषधानेही विरघळवता येतात.

राहिला ‘थांबा’ हा सल्ला. खडा अडकलाय आणि थंडी वाजून ताप आलाय, अशा वेळी कुठलाच लेझर करत नाहीत. आधी स्टेंट किंवा पाठीतून नळी घालून तुंबलेली लघवी मोकळी करतात, अँटिबायोटिक देतात, आणि संसर्ग आटोक्यात आल्यावर मग खड्याकडे वळतात. तिथे एकेक तास मोलाचा असतो. जवळच्या ज्या हॉस्पिटलात ही सोय आहे तिथे त्याच रात्री जा. त्यांच्याकडे लेझर कुठला आहे, हे तेव्हा विचारूही नका.