स्लॅबवर चार इंच इन्सुलेशन? आधी बेरीज मांडा

उन्हाळा तोंडावर आला की वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: अमेरिकेत छताला आर ३० ते आर ६० इन्सुलेशन घालतात (आर म्हणजे थराचा उष्णतेला होणारा विरोध, जितका जास्त तितकी उष्णता कमी), म्हणून आपल्याकडे निदान आर २०, म्हणजे चार इंच हवंच. जाडी दुप्पट केली की उष्णता निम्मी होते. गच्चीला पांढरा रंग ही निव्वळ धूळफेक. आणि आजोबांचं माळवद थंड असायचं ते फूटभर जाडीमुळे. खाली बहुतेक वेळा कुणाचा तरी मोबाइल नंबर असतो, त्यावरून काय ते समजा.

अमेरिकेचे आकडे खरे आहेत, पण ते लाकडी छताखालच्या पोकळीत काचलोकर पसरणाऱ्या घरांचे आहेत. त्यातल्या बऱ्याच घरांना हिवाळाभर रात्रंदिवस आत वीस-एकवीस अंश आणि बाहेर शून्याखाली, असा सामना असतो. शिवाय तिकडचा आर फूट आणि फॅरनहाइटमधला. आपल्या मेट्रिक मापात आणायला त्याला ५.६८ नं भागावं लागतं. तिकडचा आर ५ म्हणजे आपला ०.८८. दुकानदाराच्या कागदावर एक इंची शीटपुढे ०.८५ दिसलं की ‘माल हलका आहे’ म्हणणारे लोक भेटतात, ते या गोंधळामुळेच.

आता दुसरा दावा, कारण खर्च ठरतो तो इथेच. किती जाडी लागेल हे आधी छतावर काय आहे त्यावर अवलंबून असतं. प्रत्येक थराची जाडी मीटरमध्ये घ्यायची, त्या मालाच्या उष्णतावाहकतेनं भागायची, की त्या थराचा आर, म्हणजे विरोध, मिळतो. मग सगळ्यांची बेरीज करायची. पाच इंची स्लॅब ०.०८, चार इंची विटांचा कोबा ०.१२, खालचा गिलावा ०.०१, आणि वरच्या-खालच्या हवेच्या पातळ थरांचा मिळून ०.२१. एकूण ०.४२. एकाला या बेरजेनं भागलं की यू, म्हणजे एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे आत येणारे वॉट: इथे २.४.

अकोला-नागपूरकडची मे महिन्यातली दुपार धरू. ऊन जमेस धरून गच्चीवरचं परिणामी तापमान ६५, खोलीत ३२. फरक ३३ अंश. पाचशे चौरस फुटांच्या, म्हणजे ४६ चौरस मीटरच्या छतातून साधारण ३,६५० वॉट आत येतात. एक टनाचा एसी ३,५०० वॉट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे तो सगळा नुसत्या छतापायी खर्ची. (स्लॅब उष्णता साठवतो, म्हणून हा लोंढा प्रत्यक्षात उशिरा आणि थोडा सौम्य होऊन येतो. तुलनेला मात्र हिशोब चालतो.)

यावर एक्सपीएसची, म्हणजे पॉलिस्टायरीनच्या कडक फोमची, एक इंची शीट घाला. बेरीज साधारण १.२५ होते, यू ०.८, आणि आत येणारे वॉट सुमारे १,२००. दोन इंचांना ७३०. चार इंचांना ४१०. पहिल्या इंचानं २,४०० हून जास्त वॉट अडवले, दुसऱ्यानं पाचशेच्या आत-बाहेर, पुढच्या दोघांनी मिळून जेमतेम सव्वातीनशे. पैसे मात्र चारही इंचांचे जवळपास सारखेच. विजेच्या बिलाचं तर वेगळंच, कारण भिंती, पश्चिमेची खिडकी आणि दाराच्या फटी यांना छतावरच्या शीटचा पत्ताही नसतो.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेत घराच्या छताचा यू १.२ च्या वर नको असं म्हटलं आहे. वरच्या छताला तिथवर यायला कागदावर अर्धा इंच एक्सपीएस पुरतं. मी स्वतः एक ते दोन इंच सुचवेन. दिवसभर एसी चालत असेल तर दोन, चार नाही.

पांढऱ्या रंगाला धूळफेक म्हणणं तर उघड चूक. काळवंडलेला कोबा बरंचसं ऊन पितो, स्वच्छ पांढरा पृष्ठभाग त्यातलं बहुतेक परत पाठवतो. वरच्याच हिशोबात परिणामी तापमान ६५ वरून ५० च्या आसपास येतं आणि आत येणारी उष्णता जवळपास निम्मी होते. पांढरा रंग अधिक एक इंच शीट म्हणजे साधारण साडेसहाशे वॉट: रंगाशिवायच्या दोन इंचांपेक्षा सरस, आणि स्वस्त. तेलंगणानं २०२३ मध्ये कूल रूफसाठी स्वतंत्र धोरण आणलं, ते उगाच नाही. धूळ बसली की गुण उतरतो हे खरं. पावसाळा संपल्यावर गच्ची धुवा आणि उन्हाळ्याआधी दुसरा हात मारा.

माळवदाचं म्हणाल तर माती उष्णता अडवण्यात सुमारच. फूटभर मातीचा विरोध अर्धा-पाऊण इंच एक्सपीएसइतकाच भरतो. माळवद थंड वाटायचं ते त्याच्या वजनानं: दुपारची उष्णता मातीत मुरून खाली पोचेपर्यंत रात्र व्हायची, आणि घरातली माणसं तोवर अंगणात बाजा टाकून झोपलेली असायची! बंद फ्लॅटमध्ये ही सोय नाही.

शीट शक्यतो स्लॅबच्या वर, वॉटरप्रूफिंगसकट घाला. आतून लावली तर स्लॅब तापत-आकसतच राहतो आणि भेगा वाढतात. गच्ची सोसायटीची असेल आणि रात्रीपुरताच एसी लागत असेल, तर आतूनही चालेल, खोली उलट लवकर गार होते. फक्त उघडा थर्माकोल छताला चिकटवू नका; तो पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. आगरोधक शीट घेऊन खाली जिप्सम बोर्ड लावा. पत्र्याच्या घरांना पहिल्या इंचाचा हिशोब दुप्पट लागू. तिथे आधीचा विरोध ०.२१ च्या पुढे जात नाही आणि उष्णता साठवायला वजनही नाही, म्हणून पहिला इंच स्लॅबपेक्षाही जास्त कामाला येतो.