‘गोळी एकच हवी’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. मजकूर साधारण असा: बीपी कितीही वाढलेलं असो, गोळी एकच घ्यावी, पुरत नसेल तर तिचीच पावर वाढवावी. दोन-तीन गोळ्या एकत्र घेतल्या की किडनी जाते. पूर्वी एकाच गोळीवर भागायचं, हे कंपन्यांचं नवं खूळ आहे. बीपी दोनशेवर गेलं तर जिभेखाली कॅप्सूल फोडावी. आणि बीपी नॉर्मल आलं की औषध बंद करावं.

मी रोज बीपीचे पेशंट तपासते. मध्यंतरी एका काकूंनी पर्समधून बीपीच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. अॅम्लोडिपिनची पट्टी संपत आलेली, टेल्मिसार्टनची मात्र कोरी, एकही गोळी फोडलेली नाही. बीपी १९०/११२. “दुसरी किडनीला वाईट म्हणतात ना, म्हणून नाही घेतली. पहिलीच दुप्पट केली,” त्या म्हणाल्या. घोटे सुजलेले होते, मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ खोल उमटला होता. मेसेज त्यांच्या मुलानेच पाठवला होता, आईच्या काळजीपोटी. त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी हे लिहितेय.

आधी पावर वाढवण्याचं बघू. बीपीचं कुठलंही एक औषध नेहमीच्या डोसमध्ये वरचं बीपी सरासरी ९-१० ने उतरवतं, मुळात बीपी खूप जास्त असेल तर थोडं अधिक. १९० वरून १४० च्या खाली यायचं तर पन्नासची उतरण हवी. डोस दुप्पट केला की परिणाम दुप्पट होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. ४२ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की एकाच औषधाचा डोस दुप्पट करण्यापेक्षा वेगळ्या गटातलं दुसरं औषध जोडल्याने बीपी सुमारे पाचपट जास्त उतरतं. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. डोस निम्मा केला तरी बहुतेक औषधांचा जवळपास ८० टक्के परिणाम टिकतो, त्रास मात्र बराच कमी होतो. म्हणजे दोन औषधं थोड्या-थोड्या डोसमध्ये घेणं हे एक औषध जबरदस्त डोसमध्ये घेण्यापेक्षा सौम्य पडतं. भीती नेमकी उलटी बसली आहे.

असं का होतं? बीपी एकाच दोरीवर टांगलेलं नसतं. शरीरातलं मीठ-पाणी, रक्तवाहिन्यांचा ताण, हृदयाचे ठोके, किडनीतून सुटणारं आणि बीपी वाढवणारं रेनिन, सगळे मिळून ते धरून ठेवतात. लघवीच्या गोळीने मीठ-पाणी कमी केलं की किडनी जास्त रेनिन सोडते आणि वाहिन्या पुन्हा आवळल्या जातात. टेल्मिसार्टनसारखं औषध नेमकी तीच वाट अडवतं. लघवीची गोळी पोटॅशियम घटवते, सार्टन ते वाढवतं; तिथेही एकमेकांना सांभाळून घेतात. आणि काकूंच्या पायांची सूज? ती किडनीची नव्हतीच, दुप्पट केलेल्या अॅम्लोडिपिनची होती. जी गोळी त्यांनी बाजूला ठेवली, ती सोबत असती तर अशी सूज बऱ्याचदा कमी होते.

आता किडनी. बीपी वर्षानुवर्षं चढं राहणं हे स्वतःच किडनी निकामी होण्याचं मोठं कारण आहे. लघवीतून प्रथिनं जात असतील तर सार्टन किंवा रॅमिप्रिलच्या गटातलं औषध किडनी जपण्यासाठीच देतात. मेसेजमध्ये खरा अंश एवढाच की काही जोड्या चालत नाहीत. रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन एकत्र देऊन पाहणाऱ्या मोठ्या चाचणीचा निकाल २००८ मध्ये आला: फायदा वाढला नाही, किडनीचा त्रास वाढला. म्हणून ती जोडी देत नाहीत. बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या गोळ्या) आणि व्हेरापामिल हे बीपीचं दुसरं औषध एकत्र दिलं तर ठोके धोकादायक मंदावू शकतात. गरोदरपणात सार्टन आणि रॅमिप्रिल दोन्ही गट वर्ज्य. सार्टन किंवा रॅमिप्रिलच्या गटातलं औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम तपासायला सांगतात ते किडनीवर लक्ष ठेवण्यासाठीच. ती तपासणी चुकवू नका. आणि अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेत राहू नका, त्यांनी बीपीही वाढतं आणि किडनीलाही मार बसतो.

‘नवं खूळ’ हे वाचून मला मनापासून वाईट वाटलं. गंभीर बीपीवर उपचार केल्याने माणसं वाचतात, हे ठामपणे दाखवणारी अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरची चाचणी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. खालचं बीपी ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. निम्म्यांना नकली गोळ्या, निम्म्यांना तीन औषधं: लघवीची गोळी, वाहिन्या सैल करणारं हायड्रालाझिन आणि सर्पगंधेपासून मिळणारं रेसर्पिन. नकली गोळ्यांच्या गटात २७ जणांना गंभीर इजा झाली, त्यातले चौघे गेले. औषधांच्या गटात फक्त दोघांना इजा झाली, मृत्यू एकही नाही. पुरावाच तीन औषधं एकत्र देण्यावर उभा राहिला. आज तर दोन औषधं एकाच गोळीत मिळतात आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अशा गोळ्या आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातल्या. अगदी थकलेल्या, वयोवृद्ध माणसाला सुरुवात एकाच औषधाने करतात, तो निर्णय तपासून घ्यायचा असतो.

जिभेखाली कॅप्सूल मात्र कृपा करून फोडू नका. ती कॅप्सूल म्हणजे निफेडिपिन, बीपी झटपट उतरवणारं औषध. त्याने बीपी किती आणि किती झपाट्याने कोसळेल याचा नेम नाही. मेंदूच्या वाहिन्या चढ्या दाबाला सरावलेल्या असतात; दाब एकदम पडला की मेंदूला रक्त पोचत नाही आणि पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. हृदयविकाराचे झटकेही आलेत. म्हणून नव्वदच्या दशकापासून ही पद्धत बंद करायला सांगितलं जातंय. हॉस्पिटलमध्येसुद्धा तातडीच्या बहुतेक केसमध्ये पहिल्या तासात पाव हिश्शाहून जास्त उतरवत नाहीत. छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, नजर जाणं, बरळणं, यातलं काही असेल तर थेट हॉस्पिटल गाठा. यातलं काहीच नसेल तर शांत बसून पुन्हा मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मग गोळ्यांनी ते काही दिवसांत किंवा आठवड्यांत हळूहळू उतरवतात.

नॉर्मल आलेला आकडा गोळ्यांमुळेच आलेला असतो. म्हणून मनाने बंद करू नका; क्लोनिडिन (बीपीचंच एक औषध) किंवा बीटा-ब्लॉकर अचानक सोडलं तर बीपी उसळी मारतं.

काकूंना दोन्ही औषधं एका गोळीत दिली, अॅम्लोडिपिन पुन्हा मूळ डोसवर आणून. तीन आठवड्यांनी आल्या तेव्हा १५२/९०, मोज्याचा वळ जेमतेम दिसत होता. मुलगा सोबत होता, रक्ताचा रिपोर्ट त्याच्या हातात. पोटॅशियम ठीक होतं. आता लघवीची हलकी गोळी जोडली आहे.