झिजलेलं मनगट कुठल्या रजिस्टरात लिहायचं?

रांजणगावात माझं मेडिकल आहे. वाळूज एमआयडीसीतल्या शिफ्टा सुटल्या की दुकानात गर्दी होते, आणि त्यात निम्म्याहून जास्त पोरं पंचविशीच्या आतली. कुणाला कमरेचा पट्टा पाहिजे, कुणाला मनगटाचा बँड, कुणाला मलम. "मामा, मागच्या बारीची दुखण्याची गोळी द्या," म्हणतात. चिठ्ठी नसते. चिठ्ठीशिवाय नाही म्हटलं की शेजारच्या दुकानात जातात. साठीतल्या माणसाला लागणारा माल मिसरूड फुटलेल्या पोरांना लागतोय, याचं आता इथं कुणाला नवलही वाटत नाही.

ही पोरं आपलीच. गेवराई, परतूर, पाथरी, सेनगाव. बऱ्याच जणांचे आईबाप ऊसतोडीला जातात. निदान लेकराचा कोयता सुटावा म्हणून आयटीआयला घातलं, फिटर केलं, आणि ठेकेदारानं कारखान्यात जुळणीच्या लाईनवर उभं केलं. गावाकडं वाटतं, डोक्यावर पत्रा आहे, पंखा आहे, पोरगं सावलीत आहे. सावलीत आहे हे खरंच आहे.

लाईनवरचं काम बघायला हलकं दिसतं. पोतं उचलायचं नाही, खड्डा खणायचा नाही. हवेवर चालणारी बोल्ट कसायची गन धरायची, चार बोल्ट मारायचे, पीस पुढं सोडायचा. समजा एका पीसला 40 सेकंद मिळतात. आठ तासांतून अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी वजा केली तर 675 पीस होतात, म्हणजे 2700 वेळा तेच बोट, तोच कोन, तोच झटका. उद्या परत तेवढेच. लाईन थांबत नाही, म्हणून हात थांबत नाही.

मनगटात हाडांचा एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणारे नऊ स्नायुबंध आणि एक मोठी नस जाते. सारखं घासून आतला भाग सुजला की नस दाबली जाते; यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मग अंगठा आणि शेजारच्या दोन-तीन बोटांना मुंग्या येतात, करंगळी मात्र शाबूत राहते. त्रास रात्री वाढतो. "झोपेत हात बधिर व्हायलाय, झटकत उठावं लागतंय," असं कुणी सांगितलं की मला पुढचं विचारावं लागत नाही. वेळेवर पकडलं तर आराम आणि पट्ट्यानं भागतं. नाही पकडलं तर अंगठ्याच्या बुडाचा गोळाच सुकून जातो.

आता कायद्याचं बघा. मशीनमध्ये बोट गेलं तर तो अपघात, त्याची नोंद होते, भरपाई मागता येते. पण नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायदा, 1948 च्या तिसऱ्या परिशिष्टात नोंद करायलाच पाहिजेत असे 29 आजार होते, आणि त्याच्या जागी आलेल्या संहितेतही तीच यादी आहे. त्यात शिसं आहे, पारा आहे, सिलिकोसिस आहे, आवाजानं येणारा बहिरेपणाही आहे. मनगट, खांदा, कंबर, गुडघा यांची झीज नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2010 च्या यादीत मनगटाचा हा आजार नावानिशी आहे. आपल्या 29 मध्ये त्याला जागा नाही.

आणि जागा असती तरी नोंद कुणाची करणार? वर्षात 240 दिवस भरले तर कायद्यानं सलग नोकरी धरली जाते, म्हणून त्याआधीच पोराला 'ब्रेक' मिळतो. तो सहा-सात महिने एका गेटवर, मग दुसऱ्या ठेकेदाराकडं, मग तिसऱ्या. मनगट मात्र एकच. ते शेवटी ज्या गेटवर बसतं, तिथला सुपरवायझर म्हणतो, हा आला तेव्हाच असा होता. त्यात खोटं तरी काय?

फोर्डनं 1913 मध्ये अमेरिकेत चालती लाईन सुरू केली तेव्हा माणसं इतकी पळून जायला लागली की त्या वर्षी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण 370 टक्क्यांवर गेलं, म्हणजे एकेका जागेवर वर्षात तीन-चार माणसं बदलली. 1914 मध्ये त्याला दिवसाला पाच डॉलर द्यायची घोषणा करावी लागली. आपल्याकडं ती वेळ येत नाही. पोरगं पळायच्या आधीच त्याला काढतात, आणि माजलगावहून दुसरं एसटीत बसलेलं असतं.

बायकांचं दुखणं आणखी वेगळं. वायरिंगच्या लाईनवर त्या जास्त असतात. बाथरूमला जायचं तर बदली माणूस उभा करायचा, तो मागितला की तोंडं वाकडी होतात. म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. लघवीच्या जळजळीचं सिरप मागताना आवाज बारीक होतो त्यांचा. उन्हाळ्यात हा प्रकार इतका वाढतो, तरी त्यावर कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

हे सगळं असताना सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातली दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तास करायला मंजुरी दिली, ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा 115 वरून 144 तास. समर्थक सांगतात, आठवड्याचे 48 तास तेच आहेत, वरच्याला दुप्पट पैसे आहेत. हेही खरं, की ओटी पोरंच मागून घेतात. बारा-चौदा हजारांत खोलीभाडं, मेस आणि गावाकडचा हप्ता भागवायचा, तर ओटीला नाही कोण म्हणेल? पण सुजलेली नस आठवड्याचा हिशोब करत नाही. तिला रोजची उसंत लागते. बारा तासांत, तासभर सुट्टी धरूनही, ते 2700 झटके चार हजारांच्या घरात जातात.

करता येण्यासारखं बरंच आहे, आणि ते महागही नाही. दर दोन तासांनी स्टेशन बदलायचं. गन वरून टांगायची, म्हणजे वजन हातावर येत नाही. उभ्यानं काम करणाऱ्याला बसायची सोय पाहिजे, हे तर त्या जुन्या 1948 च्या कायद्याच्या कलम 44 मध्येही लिहिलेलं होतं. तुमच्या लाईनवर स्टूल दिसतं का, ते कमेंटमध्ये सांगा. कंपनीचं नाव लिहू नका, उद्या गेट बंद व्हायचं.

आणि ज्यांना रात्री मुंग्या यायल्यात, त्यांनी नुसती गोळी मागायला माझ्याकडं येऊ नका. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या दवाखान्यात जा, रांग असली तरी जा. तिथं कुठल्या मशीनवर, कुठलं काम, किती महिने, हे डॉक्टरला केसपेपरवर लिहायला लावा. आजारी रजेचे 70 टक्के पैसे वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळतात, तेही विचारून घ्या. ठेकेदार बदलला तरी ईएसआयचा नंबर तोच राहतो, म्हणून जुने केसपेपर फेकू नका, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.